काळजीची कीर्द आणि खतावणी: रोजनिशी लिहिणाऱ्यांचे (आणि लिहू पाहणाऱ्यांचे) नेहमीचे प्रश्न

मी हिशेबनीस आहे. पंधरा वर्षं लोकांचे आकडे जुळवतेय आणि त्यातली नऊ वर्षं स्वतःच्या काळजीचीही वही लिहितेय. आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा वहीवाले जमतो. नवं कुणी आलं की साधारण हेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदा सगळे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. अभ्यासकांनी केलेलं काम जिथं आहे तिथं ते सांगितलंय. बाकी माझा आणि मंडळातल्यांचा अनुभव आहे.

वही लिहून खरंच काळजी कमी होते, की नुसती मनाची समजूत?

थोडी होते. ‘थोडी’ हा शब्द मुद्दाम वापरतेय, कारण ‘वहीने माझं आयुष्य बदललं’ छापाची भाषा ऐकून लोक येतात आणि आठवड्याने हिरमुसून जातात.

या विषयात एक नाव सारखं येतं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचं. त्यांचा प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला खोलीचं वर्णन, पायातले बूट असले बिनमहत्त्वाचे विषय दिले. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, ती मुलं पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. त्यानंतर असे प्रयोग जगभर झाले. २००६ साली एका संशोधिकेने अशा १४६ अभ्यासांचा एकत्र ताळा केला, तेव्हा फायदा दिसला, पण लहान. कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही.

म्हणजे पंधरा मिनिटं आणि एका वहीचा खर्च लक्षात घेता सौदा वाईट नाही. पण हे औषध आहे अशा थाटात कुणी सांगत असेल तर तिथून उठा.

नेमकं लिहायचं काय? ‘आज सकाळी सातला उठलो’च्या पुढे पेन सरकत नाही.

सातला उठलात ते सोडून द्या. धाकधूक हा भविष्याबद्दलचा अंदाज असतो. तो अंदाज कागदावर उतरवा आणि त्याच्यासमोर थोडी जागा कोरी सोडा. माझं एक जुनं पान जसंच्या तसं देते:

*मंगळवार. सकाळी साहेब म्हणाले, ‘दुपारी जरा भेटा.’*
*काय होईल असं वाटतंय: मार्चच्या कामात चूक सापडली असणार. सगळ्यांसमोर बोलतील.*
*खात्री: १०० पैकी ८०.*
*शरीर: पोटात गोळा, तळहात गार. डबा अर्धा परत.*
*काय झालं:*

शेवटची ओळ मी संध्याकाळी भरली. साहेबांच्या मेव्हण्याला पॅन कार्ड आधारशी जोडायचं होतं, ते कसं करायचं हे त्यांना विचारायचं होतं.

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी दुपारपर्यंत मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला होता. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते काही उगीच नाही. आणि ‘खात्री १०० पैकी ८०’ हा आकडा लिहिला नसता, तर संध्याकाळी मीच म्हटलं असतं, ‘छे, मला कुठं एवढं टेन्शन होतं!’ मन असं नंतर खाडाखोड करतं. वहीत ती खाडाखोड दिसते.

पण भीती खरी ठरली तर?

ठरते कधीकधी. एका तिमाहीत आमच्याकडून एका ग्राहकाचं जीएसटीचं विवरणपत्र वेळेत भरलं गेलं नाही, आणि चूक माझी होती. वहीत अंदाज होता, ‘नोकरी जाणार’. झालं ते असं: दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क, ते ग्राहकाऐवजी कार्यालयाने सोसलं, मी दोन दिवस बोलणी खाल्ली, तिसऱ्या दिवशी साहेबांनी नेहमीसारखा चहा मागवला. वाईट घडलं, पण मी मांडलेल्या आकड्याच्या आसपासही नाही. आणि शेवटच्या रकान्यात एक ओळ मला आणखी लिहिता आली: ‘फोन मीच केला ग्राहकाला. ओरडला. ऐकून घेतलं.’ ही ओळ पुढे फार उपयोगी पडली, त्याबद्दल खाली सांगते.

तुम्ही सारखं ‘कीर्द’ आणि ‘खतावणी’ म्हणता, ते काय?

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. लाल कापडी बांधणीची लांब वही, लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू, पहिल्या पानावर श्री. त्या वहीत दिवसाचे व्यवहार घडतील तसे एकाखाली एक लिहायचे: कुणी तेल नेलं, कुणी पैसे दिले, हमालाला किती दिले. ही कीर्द. पण अमक्याकडून आपलं एकूण किती येणं आहे, हे कीर्द सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावी लागते. ती खतावणी. वडील म्हणायचे, कीर्द लिहिणारा पोरगा कुठेही मिळतो, दुकान चालतं ते खतावणीवर.

रोजनिशी लिहिणारी बहुतेक माणसं नुसती कीर्द लिहितात. रोज मन ओततात, वही मिटतात, पुन्हा उघडून बघत नाहीत. पाच वर्षांनी पाच वह्या भरतात आणि भीती आहे तिथंच असते. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

आता रविवारी सकाळी अर्धा तास खतावणी करते. आठवड्याच्या नोंदी चाळायच्या, कोरे रकाने भरायचे, आणि वहीच्या मागच्या बाजूला खाती उघडलीयत त्यांवर एकेक ओळ चढवायची. माझी खाती अशी: आईची तब्येत, पैसे, कामातल्या चुका, लोक काय म्हणतील. पहिल्याच महिन्यात कळलं की शेवटच्या खात्याला एक पान पुरत नाही आणि ज्या पैशांबद्दल मी घरात रोज कुरकुरत होते, त्या खात्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. नवऱ्यालाही ते दाखवलं. तो काही बोलला नाही, पण त्या महिन्यात दुधाच्या बिलावरून आमचं वाजलं नाही.

याला पुरावा म्हणाल तर आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या दोघा संशोधकांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सतत काळजी करण्याचा आजार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपापल्या काळज्या लिहिल्या आणि महिनाभर त्यांचं पुढे काय झालं ते तपासलं. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. २९ माणसं म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांच्या काळज्या जास्त प्रमाणात खोट्या निघाल्या, त्यांना आरामही जास्त पडला. इथं त्यांना कुणी धीर दिला नव्हता. त्यांनी आपलंच अक्षर वाचलं.

एक खातं आणखी ठेवा, हिशेबाच्या भाषेत उचंत खातं. ज्या रकमेचं काय करायचं ते आज ठरत नाही, ती तात्पुरती तिथं टाकतात. ‘मुलगा पुढे काय करेल’, ‘म्हातारपणी कोण बघणार’ या काळज्यांचा निकाल रविवारी लागत नाही. त्या उचंतमध्ये टाका. उचंत खातं कायमचं तसंच ठेवायचं नसतं, वर्षाअखेरीला ते बघावंच लागतं. तेवढं करा.

किती वेळ लिहायचं आणि कधी?

पंधरा-वीस मिनिटं पुरे. घड्याळ लावून. तासभर लिहिणाऱ्याची वही भरते, डोकं रिकामं होतंच असं नाही.

वेळ ठरलेली ठेवलीत तर एक जास्तीचा फायदा आहे. मानसोपचारात ‘काळजीची ठरावीक वेळ’ देण्याची पद्धत १९८०च्या दशकापासून वापरात आहे. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सांगायचं, सहा वाजता ये. चुटपुटत्या दोन शब्दांत नोंद करायची आणि कामाला लागायचं. सहा वाजता निम्म्या काळज्या येतच नाहीत, हा माझा अनुभव.

झोपण्याआधी मात्र भीतीबद्दल लिहू नका. तेव्हा उद्याच्या कामांची यादी लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ साली छापून आला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं ज्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली त्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. ‘बँकेचं काम’ असं न लिहिता ‘बँकेत जाऊन आईच्या पेन्शन खात्याचं केवायसी, सोबत दोन फोटो’ असं लिहा.

मी रोज लिहितो, पण रोज तेच तेच. उलट जास्त खोलात जातोय असं वाटतं.

तुमचं बरोबर आहे. गाय रवंथ करते तेव्हा तिला निदान पोषण मिळतं. आपण करतो त्याने काही मिळत नाही. ‘माझ्याच वाट्याला का’, ‘मी असा का’ हा ‘का’ विहिरीसारखा असतो, वाकून बघावं तितकं अंधारलेलं.

दोन उपाय सांगते. पहिला, ‘का’च्या जागी ‘काय’, ‘कधी’, ‘कुठं’ घाला. ‘मी असा भित्रा का?’ याला उत्तर नाही. ‘आज कधी भ्यालो? कुठं होतो? समोर कोण होतं?’ याला आहे.

दुसरा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वेडगळ वाटला होता. स्वतःबद्दल ‘मी’ न म्हणता स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ म्हणून लिहायचं. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की लोकांसमोर बोलण्याच्या दडपणाखाली असताना स्वतःशी असं थोडं अंतरावरून बोलणाऱ्यांची अस्वस्थता कमी होते. मराठीत तर याची फार सोय आहे. मी धाकट्या बहिणीला लिहावं तसं लिहिते: ‘अगं बाई, जेवून घे आधी. आणि त्या मेलला आज उत्तर द्यायचं नाहीये, उद्या दे.’ स्वतःला ‘मूर्ख’ म्हणणारी मी बहिणीला कधी मूर्ख म्हणत नाही. ‘अगं’ लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप मवाळ येतं.

लिहायला बसलं की रडू येतं. थांबू का?

लिहिल्यानंतर थोडा वेळ जास्त वाईट वाटणं हे पेनेबेकरांच्या प्रयोगांतही दिसलं होतं. अर्ध्या-एक तासात ओसरत असेल तर चालू द्या. पण एखादा विषय लिहिताना सगळंच हाताबाहेर जाईल असं वाटत असेल, तर तो विषय आज लिहू नका. दुसरा लिहा किंवा फिरून या. नुकताच घडलेला मृत्यू, अपघात, अत्याचार यांच्याबद्दल एकट्याने बसून वहीत खोल शिरण्याची घाई नको. ते जाणत्या माणसासोबत केलेलं बरं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही घाबरता त्या भाषेत. आमच्यात एकजण वऱ्हाडीत लिहितो, एक ताई मालवणीत. पुण्यातल्या कंपनीत काम करणारी एक मुलगी आधी सगळं इंग्रजीत लिहायची आणि तिच्या नोंदी कार्यालयीन अहवालासारख्या दिसायच्या. आईशी झालेलं भांडण तिने मराठीत लिहिलं तेव्हा पहिल्यांदा पान ओलं झालं.

आणि एका शब्दावर माझा राग आहे. ‘टेन्शन.’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्याच्या पोटात काय आहे ते कळेनासं झालंय. वहीत मी तो महिनाभर बंद करून पाहिला. मग शोधावे लागले शब्द आणि सापडले ढीगभर. निकाल दुसऱ्याच्या हाती असतो तेव्हा धाकधूक. निर्णय आपल्या हाती असतो आणि होत नसतो तेव्हा चलबिचल. एखाद्या विशिष्ट माणसाची किंवा गोष्टीची ती धास्ती. जवळच्या माणसापायी, दिवसचे दिवस जिवाला लागतो तो घोर. घडून गेलेल्या गोष्टीचा, अजून न सुटलेला, तो धसका. लोकांच्या अपेक्षांचं येतं ते दडपण. संध्याकाळी दिवेलागणीला उगीच दाटून येते, जिचं कारण शोधून सापडत नाही, ती हुरहूर.

यात नुसती शब्दांची हौस नाही. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. चलबिचल असेल तर निर्णय घ्यायचा, चुकीचा का होईना. धाकधूक असेल तर करण्यासारखं काही नसतं, दुसऱ्या कामात हात घालायचा. धसका असेल तर ती गोष्ट आता घडत नाहीये हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. हुरहूर असेल तर चहा टाकायचा आणि बसू द्यायचं तिला शेजारी. या सगळ्यांवर ‘टेन्शन’ एवढंच लेबल लावलं तर प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लावल्यासारखं होतं. भावनेला नाव दिल्याने तिची धग कमी होते हे मेंदूच्या प्रतिमा घेऊनही दाखवलं गेलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिसमधल्या मॅथ्यू लिबरमन यांचा २००७चा अभ्यास त्यासाठी ओळखला जातो.

आत्मविश्वास कसा वाढतो? रोज ‘मी आत्मविश्वासू आहे’ असं लिहिलं तर चालेल?

लिहून बघा, पण माझा भरवसा नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना त्यानंतर आणखी वाईट वाटलं. कारण उघड आहे. आतून लगेच कुणीतरी म्हणतं, ‘कशावरून?’

त्या ‘कशावरून’ला उत्तर देणारा कागद म्हणजे वही. गुणांची नावं लिहू नका, क्रियापदं लिहा, भूतकाळातली. ‘मी धीट आहे’ या वाक्यावर वाद घालता येतो. ‘सोसायटीच्या सभेत उठून पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं’ यावर कोण वाद घालणार? आपल्याकडे स्वतःचं कौतुक लिहायला हात धजत नाही, त्यामुळेही ही पद्धत सोयीची. कौतुक नाही, नोंद आहे.

मला फोन करायची भीती होती. ओळखीच्यांनाही. फोन वाजला की मी तो वाजू द्यायची आणि मग ‘काय काम होतं?’ असा मेसेज करायची. वहीत मी पायऱ्या लिहिल्या. सगळ्यात खालची: गॅस सिलिंडर नोंदवायला फोन, तिथं बोलायला माणूसच नसतो. मग डेअरीवाल्याला, ‘दही आलंय का?’ मग चुलत सासूबाईंना, वाढदिवसाचा. मग ओळखीच्या ग्राहकाला. मग अनोळखी. प्रत्येक फोनआधी भीती दहापैकी किती ते लिहायचं, नंतर पुन्हा लिहायचं. डेअरीवाल्याच्या आधी सहा होती, नंतर एक. तोच फोन चौथ्यांदा केला तेव्हा आधीच दोन होती. वर जीएसटीचं सांगितलं, तो ओरडणाऱ्या ग्राहकाचा फोन या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होता आणि मी तो न ठरवता केला होता. ‘ओरडला. ऐकून घेतलं.’ त्यानंतर कुठल्याही फोनआधी मी ते पान काढून वाचायची.

इथे एक इशारा. वही ही उत्तम पळवाटही आहे. आमच्याकडे एका मुलाने मुलाखतीचा फोन करायचा की नाही यावर सात पानं लिहिली, फार सुरेख लिहिली, आणि फोन केला नाही. टाळलं की भीती पोसते, मग ते टाळणं कितीही सुंदर अक्षरात असो. आता आम्ही त्याला नियम घालून दिलाय: करायच्या गोष्टीबद्दल पाच ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही.

परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आधी लिहिलं तर उपयोग होतो?

२०११ साली शिकागो विद्यापीठातून एक प्रयोग गाजला. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढणाऱ्या, विशेषतः परीक्षेला घाबरणाऱ्या, मुलांना जास्त गुण मिळाले. वर्तमानपत्रांतही आला. पण नंतर दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही, आणि हे २०१८ साली छापूनही आलं. तेव्हा दहावी-बारावीच्या मुलाला केंद्राबाहेर वही उघडून बसवू नका. त्याला स्वतःहून हलकं वाटत असेल तर लिहू दे.

घरात सगळे एका खोलीत. कुणीतरी वाचेल.

ही भीती रास्त आहे आणि अनेकांचं लिखाण इथंच अडतं. वाचलं जाईल या धाकाने लिहिलेली वही खोटी होते, आणि खोट्या वहीची खतावणी करून काय मिळणार?

काही वाटा आहेत. फोनमध्ये पासवर्ड लावून लिहा. किंवा कागदावर लिहा, अंदाज आणि निकाल एवढा आकडा मागे चढवा आणि पान फाडून टाका. माणसांची नावं लिहू नका, हिशेबात असतात तशी खाते क्रमांकं द्या. माझ्या वहीत सासरच्या मंडळींना क्रमांक आहेत आणि ते मी इथंही सांगणार नाही. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी येते. ते खुशाल वही टेबलावर उघडी टाकून जातात.

वाचलंच कुणी आणि त्यावरून घरात मारहाण, धमकी होण्याची शक्यता असेल, तर कागदावर काहीही ठेवू नका. तिथं वहीपेक्षा तुमची सुरक्षितता आधी.

वही की मोबाइल?

जे हाताशी असेल ते. मला कागद आवडतो कारण त्यावर नोटिफिकेशन येत नाही.

मध्ये खंड पडला तर?

पडू दे. सुटलेल्या दिवसांचं मागाहून भरत बसू नका. आजची तारीख घाला आणि पुढे लिहा. बरं चाललेलं असताना वही सुटते, हे तर उत्तम लक्षण.

मुलीला लिहायला लावू का? फार बुजरी आहे.

वही आणून द्या, एकदा सांगा आणि विषय सोडा. ‘आज लिहिलंस का?’ असं विचारलंत तर तो आणखी एक गृहपाठ होतो. आणि वाचायचं नाही. तिने दाखवली तरच. तुम्ही स्वतः लिहिताना तिला दिसलात तर सांगण्याचीही गरज पडणार नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

छातीत धडधड, दम लागणं, हात थरथरणं हे पहिल्यांदाच होत असेल तर आधी साध्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं किंवा दिवसाला आठ कप चहा होत असला तरी असंच वाटतं. छातीत दुखत असेल तर वाट बघू नका.

काळजी बहुतेक दिवस, सहा महिन्यांहून जास्त चालू आहे, झोप-जेवण-काम बिघडलंय, बाहेर पडणं टाळलं जातंय, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठा. या आजारावर बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही उपलब्ध आहेत. जाताना वही घेऊन जा. विचार नोंदवून तपासण्याची रीत मुळात त्यांच्याकडचीच आहे, १९६०च्या दशकात आरन बेक यांनी रुजवलेली. तुम्ही तीन आठवड्यांच्या नोंदी टेबलावर ठेवल्यात तर पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं अशी सक्तीची सवय असेल, तर वहीही त्याच तपासणीचा भाग होऊन बसू शकते. तिथं स्वतःच्या मनाने नोंदी ठेवण्याआधी तज्ज्ञांना विचारा.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे, जगू नये असे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवा, हा क्रमांक लावा आणि घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा.

भरलेल्या वह्यांचं काय करता?

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, जुनी वही चाळते. मागचं खात्यांचं पान कापून जपून ठेवते, बाकीची वही पाण्यात भिजवून लगदा करून टाकते. घरचे हसतात. पण रद्दीत देण्याची छाती होत नाही. आमच्या चौकातला भेळवाला कागद रद्दीवाल्याकडूनच आणतो, आणि खाते क्रमांक सात दर रविवारी तिथंच भेळ खातात.